गर्दीतला पहिला आवाज

ती दुपार आजही माझ्या कानात आहे. नोकरीतल्या कितीतरी प्रकरणांचे चेहरे पुसट झाले, गावांची नावं एकमेकांत मिसळली, पण त्या मैदानावर मी जे ऐकलं ते काही केल्या जात नाही. या प्रकरणात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. ज्यांचं आहे ते ओळखतील, इतरांना नाव कळून तसाही काही फायदा नाही.

तेव्हा मी सपाटीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या भागात हिवाळ्यात फुटबॉलच्या स्पर्धा भरतात. लोणखेड्याजवळच्या मैदानावर ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. डोंगरातल्या धडगावकडून जीपा येतात, त्यांच्या टपावर पोरं आणि पोरांच्या मांडीवर ढोल. खानदेशात फक्त क्रिकेट चालतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं. बंदोबस्त लावताना आमची दमछाक होते ती वेगळीच.

उपांत्य सामन्याच्या दिवशी मी दुसऱ्या बंदोबस्तावर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. घाटात प्रवासी जीप चालवणारा एक ड्रायव्हर बोलत होता. आदल्या दिवशीच्या सामन्यातला डोंगराकडच्या संघाचा गोलकीपर पहाटेच्या खेपेला त्याच्या गाडीत बसला होता आणि वाटेत, तोरणमाळच्या चढावर, दरीच्या वळणाला उतरून गेला होता. तिथे ना गाव, ना घर.

"साहेब, त्याना हातमोजा गाडीमा राही ग्यात," ड्रायव्हर म्हणाला. "मी हाक मारी, त्यानं वळीसन बी दखं नही. गोलकीपर मानूस हातमोजा इसरस का?"

हातमोजे विसरत नाही. एवढं मला पुरलं. ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगून मी गाडी काढली. वाटेत सोबतच्या हवालदाराने आदल्या दिवशीची हकीकत सांगितली. मैदानाच्या एका बाजूने या मुलाच्या नावाने घोषणा चालू झाली होती. त्याला पुरुष आवडतात, यावरून. एकजण अर्धी ओळ म्हणायचा आणि शेकडो माणसं उरलेली पुरी करायची. चेंडू त्याच्याकडे गेला की घोषणा, त्याने गोल अडवला की घोषणा, तो पाणी प्यायला गेला तरी घोषणा. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

"आणि आपले लोक?" मी विचारलं.

"मारामारी नव्हती ना साहेब," हवालदार म्हणाला.

मुलगा रस्त्याच्या कठड्यावर बसलेला सापडला. अंगात अजून खेळाचाच सदरा होता. गाडी लांब थांबवून मी एकटा चालत गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो. अशा वेळी आडून विचारू नये हे मी नोकरीत शिकलो होतो. मी सरळ विचारलं, "उडी मारायचं मनात आहे का?"

"आलो तेव्हा होतं," तो म्हणाला. "आता नाही."

"मग आता काय करतोयस?"

त्याने दरीकडे बोट केलं. "साहेब, काल ते जे म्हणत होते ना, तेच मी इथं म्हटलं. मोठ्यानं. दरीकडे तोंड करून."

"ते कशाला?"

"एकाच माणसाच्या तोंडून कसं ऐकू येतं ते बघायचं होतं. काल इतकं मोठं वाटलं, जसं काही सगळं जगच बोलतंय. इथं म्हटलं तर काहीच नाही. लहानसंच होतं." मग तो म्हणाला, "पण फायनलला ते परत सगळे मिळून म्हणतील. मग परत मोठं होईल. मी नाही खेळणार. गुजरातला कामावर निघून जातो."

खाली पाहिलं तर डोळे फिरतील अशी ती दरी आणि तिच्या काठावर बसून हा पोरगा आपल्याच अपमानाचं माप घेत होता. मी बंदुकीसमोर उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत. खरं सांगतो, एवढं धैर्य मी तोवर पाहिलं नव्हतं. मी त्याला ठाण्यात आणलं, डॉक्टरांना दाखवलं, जबाब नोंदवला. ड्रायव्हरने आणून दिलेले हातमोजे मी पुढे केले, तर त्याने हात मागे घेतला. "राहू द्या इथंच," म्हणाला. ते माझ्या टेबलावरच राहिले.

गुन्हा दाखल करताना एका शिपायाने मला बाजूला घेतलं. "साहेब, पन कलम तर त्यानावरच लागी ना?" त्याचं म्हणणं, असा माणूस असणं हाच गुन्हा. मी सगळ्यांना आत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांवर आपखुशीने प्रेम करणं हा या देशात गुन्हा नाही, सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून झालं आहे. सार्वजनिक जागी एखाद्याला अश्लील शब्दांनी हिणवणं हा मात्र गुन्हा आहे आणि आपण त्याचाच तपास करतोय. ज्याला पटत नसेल त्याने ते घरी ठेवावं, ड्युटीवर आणू नये.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील धडगावकडून आले. डोंगरातले शेतकरी, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारे. मराठी त्यांना कचेरीपुरती येत होती. त्यांचा पहिला प्रश्न तोच होता.

"साहेब, माझ्या पोरावर केस होणार?"

"नाही होणार, बाबा."

त्यांनी मान हलवली. टेबलावरच्या हातमोज्यांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "त्याचं मला काही समजत नाही," ते म्हणाले. "पण तो खोटं बोलत नाही. लग्नाची बोलणी काढली तेव्हा त्यानंच सांगितलं, बाबा, एखाद्या मुलीचं वाटोळं नका करू." मग त्यांनी विचारलं, "कोण बोललं मैदानात?"

"गर्दी होती, बाबा. शेकडो माणसं."

"आमच्यात निवाड्याला पंच बसतात तेव्हा सगळे खाली बसतात. ज्याला बोलायचं तो एकटा उभा राहतो. बसून बोललेलं, घोळक्यात बोललेलं कुणी धरत नाही. तुमच्या मैदानात उभं कोण होतं?"

तेच आता शोधायचं होतं.

मोबाईलवर काढलेली एक चित्रफीत आमच्या हाती आली. चेहरे दिसत नव्हते, धूळ आणि पाठी तेवढ्या दिसत होत्या. पण पहिला आवाज स्वच्छ होता. शेवटचं अक्षर ताणायचा, मग एकच टाळी, आणि टाळीवर गर्दी तुटून पडायची. मी ती इतक्या वेळा ऐकली की जेवतानाही तो ठेका डोक्यात वाजायचा. बायको म्हणाली, "काय बोटं वाजवताय ताटावर?"

दोन दिवसांनी गुन्हे आढाव्याच्या बैठकीसाठी नंदुरबारला गेलो होतो. मिरचीचा हंगाम होता. पथारींवर लालभडक मिरची वाळत पडलेली, हवेत असा ठसका की आमच्या ड्रायव्हरने तोंडाला रुमाल बांधला. परतताना बाजाराच्या आवाराशी गाडी अडकली. आत हर्राशी चालू होती. लिलावाला आमच्याकडे हर्राशी म्हणतात. कुणीतरी भाव पुकारत होतं. शेवटचं अक्षर ताणलं, मग एकच टाळी, आणि व्यापारी तुटून पडले.

मी तसाच शिंकत गाडीतून उतरलो.

पुकारणारा पंचविशीचा तरुण होता, सपाटीवरच्या शेतकरी घरातला. ठाण्यात आणल्यावर मी त्याला आधी चहा दिला. चौकशीत माणसाच्या हातात पेला असला की तोंड काय लपवतंय ते हात सांगतात. याचे हात स्थिर होते.

"मी मॅच दखाले गयथू साहेब. घोषना माहीत नही माले."

मी विषय बदलला. त्याच्या कामाची चौकशी केली, आवाजाचं कौतुक केलं, आणि म्हटलं, हर्राशी कशी करतोस ते जरा ऐकव तरी. पोरगा खुलला. पेला खाली ठेवून त्याने असा पुकारा केला की बाहेरचा ठाणे अंमलदार दारात आला. शेवटी सवयीने टाळी. ती विरायच्या आत मी चित्रफीत लावली. तोच ताण, तीच टाळी. त्याचे दोन्ही हात जुळलेले तसेच राहिले.

"मी एकला नही व्हतू साहेब," तो चाचरत म्हणाला. "बठ्ठा जन म्हनी ऱ्हायन्हा व्हतात. मॅचमा चालस असं."

"त्या पोराने तुझं काय बिघडवलं होतं?"

"काही नही. पहिला डाव सहज म्हनं, तं लोके हासनात. मंग माले बी मज्या वाटनी."

सगळ्या प्रकरणाचं कारण एवढंच होतं. लोक हसले. माझा संताप झाला, पण आवाज न चढवता मी विचारलं, "मग आता म्हणशील? इथे, माझ्यासमोर, एकटा?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. खाली बघत म्हणाला, "एकलाले कसं जमी, साहेब?"

मी टेबलावरचे हातमोजे त्याच्यासमोर सरकवले आणि ते इथे कसे आले ते सांगितलं. दरीचं वळण सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला.

गोलकीपरला मी बोलावून घेतलं. सुरुवात करणारा सापडला म्हटल्यावर त्याने विचारलं, "एकच?"

"सुरुवात करणारा एकच."

मग त्याने टेबलावरचे हातमोजे उचलले. अंतिम सामन्याला त्या तरुणाला मैदानाबाहेर ठेवतो, असं मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "नको साहेब. येऊ द्या त्याला."

आयोजकांची बैठक घेऊन मी नियम ठरवून घेतला. घोषणा झाली की रेफ्री खेळ थांबवेल, परत झाली तर ती बाजू रिकामी केली जाईल. भोंग्यावरून तो आधीच जाहीर करायचा. काही जणांनी तोंडं वाकडी केली. खेळात एवढं काय मनावर घ्यायचं, असं एकजण म्हणालाही. त्याला मी घाटातलं ते वळण दाखवायला नेतो म्हटलं, तेव्हा त्यानेही नियमाला मान डोलावली.

अंतिम सामन्याला मैदान फुलून गेलं होतं. एका अंगाला डोंगराकडची माणसं, समोर सपाटीची. अर्धा सामना नीट गेला. मग मुलाने एक अवघड गोल अडवला आणि सपाटीच्या कोपऱ्यातून कुणीतरी दुसऱ्याने तीच ओळ उचलली. शे-दीडशे माणसांनी ती पुरी केली. रेफ्रीची शिट्टी वाजली. मी शिपायांना पुढे व्हायची खूण करणार, तोच गोलकीपर गोल सोडून चालू लागला. त्या कोपऱ्यासमोर दोरीपाशी येऊन उभा राहिला आणि त्याने हातमोजे काढले.

"एकेकानं बोला," तो म्हणाला. "उभं राहून. मी ऐकायला आलोय."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे काहीतरी हललं. वळून पाहिलं तर डोंगराकडची माणसं खाली बसत होती. आधी मुलाचे वडील बसले, मग त्यांच्या शेजारचे, मग बायका, ढोलवाले, टपावरची पोरं खाली उतरून बसली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची गरजच नव्हती, मैदानात जणू त्यांचे निवाड्याचे पंच बसले होते. मग दोन्ही संघांचे खेळाडू बसले. आणि मग सपाटीची माणसंही बसू लागली, एक रांग, दुसरी रांग. त्यांना हा रिवाज माहीत नव्हता. पण सगळे बसलेले असताना उभं राहायला छाती लागते, आणि ती कुणात नव्हती. बघता बघता अख्खं मैदान बसलं. उभा होता तो एकटा मुलगा आणि आम्ही खाकीवाले. मी टोपी काढून हातात घेतली.

कुणी बोलेना. हजारो माणसं आणि गोलच्या जाळीतून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

मग कोपऱ्यात, माझ्या हवालदाराजवळ बसलेला हर्राशीवाला उठला. त्याचा आवाज, भोंगा नसतानाही, पार पलीकडे पोचला.

"मागली मॅचले ती घोषना मी सुरू करी. मन्ही चूक व्हती. माले माफ कर, भाऊ."

मुलाने त्याच्याकडे पाहिलं. वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी किंचित मान हलवली.

"ऐकलं," मुलगा म्हणाला. त्याने हातमोजे चढवले आणि गोलकडे परत निघाला. तेव्हाच सगळे उठले, आधी डोंगराकडचे, मग बाकीचे.

पुढे कुणी घोषणा दिली नाही. डोंगराकडचा संघ तो सामना हरला, तरी ढोल वाजवतच परत गेला. खटला रीतसर चालला, हर्राशीवाल्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. मुलगा गुजरातला गेला नाही. अजून त्याच मैदानावर गोल राखतो आणि लहान पोरांना शिकवतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, गर्दीला घाबरू नका आणि गर्दीला माफही करू नका. तिच्यात पहिला आवाज कुणाचा ते शोधा. नियम करा, गुन्हे नोंदवा, खेळ थांबवा, हे सगळं करायलाच हवं. पण त्या माणसाला एकदा एकट्याने उभंही करा. चौकशीच्या खोलीत मी तेच करू पाहत होतो. डोंगरातल्या एका बापाने आणि त्याच्या मुलाने ते हजारो माणसांसमोर करून दाखवलं, आणि कुणाला हातही लावला नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा सामना बघायला गेलो होतो. गोलकीपर मला ओळखून दोरीपाशी आला, वाकून नमस्कार केला. मी उठायला लागलो तर तो हसून म्हणाला, "बसा साहेब, बसा. आज काही बोलायचं नाहीये."