अस्तरातली चकती

नूरबानूचं बॅगा दुरुस्तीचं दुकान बुधवार पेठेतल्या एका बोळात आहे. नवऱ्याचा, कादरचा हात थरथरायला लागला तेव्हा ती त्याच्या स्टुलावर बसली, ती आजतागायत. बोलणं कमी, टाका घट्ट. परदेशी बॅगा घेऊन लांबलांबून बायका येतात, गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरतात आणि तरी पुन्हा येतात.

गेल्या हिवाळ्यात लोणी काळभोरहून पूर्णिमा आली. खांद्यावर मधाच्या रंगाची भलीमोठी इटालियन टोट बॅग, एक हँडल निसटलेलं.

"ह्यांनी वाढदिवसाला दिलीय," ती म्हणाली, पण सांगताना हसली नाही. "खरेदी उरकून नेते."

हँडल आतून पक्कं करायला नूरबानूनं अस्तर उसवलं. तळाशी नाण्याएवढी पांढरी चकती होती, वेगळ्याच दोऱ्यानं शिवून टाकलेली. डबा घेऊन आलेल्या तिच्या मुलीनं, माहेनूरनं ती ओळखली.

"अम्मी, हा ट्रॅकर आहे. बॅग कुठे जाते ते कुणीतरी मोबाइलवर बघतंय."

नूरबानूनं पूर्णिमाला फोन लावून सांगितलं.

"म्हणूनच मी जाईन तिथं हे दारात उभे असतात," पूर्णिमा म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "भाभी, ती काढू नका. बॅग तिथंच असू द्या. मी कात्रजला भावाकडे निघते. तिथं पोचेपर्यंत त्यांना वाटू दे, मी तुमच्याकडेच आहे."

नूरबानूनं माहेनूरला घरी पिटाळलं आणि चकतीवर अस्तर पुन्हा शिवायला घेतलं. सुई दोनदा बोटात गेली.

दिवे लागायच्या सुमारास पूर्णिमाचा नवरा विक्रम आला. हातात मोबाइल, घामेजलेला चेहरा.

"पूर्णिमा कुठं हाय?"

"इथं फक्त बॅग आहे. दुरुस्तीला आलीय."

त्यानं पडदा ओढून मागची खोली पाहिली, कपाटामागे वाकून पाहिलं. मग काउंटरवरची बॅग धरली. "माझ्या पैशाची हाय ही. द्या इकडं."

नूरबानूनं दुसरं हँडल सोडलं नाही. "ज्यांनी दुरुस्तीला दिली, त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही."

"तुम्हाला माहिती नाही मी कोण हाय."

"नाही. दुकानात ओरडू नका, एवढं माहिती आहे."

शेजारचा पुस्तकवाला सुखदेव पायरीवर येऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी दोघं. विक्रमनं बॅग सोडली, पण तो हलला नाही. तिच्या हातांकडे बघत उभा राहिला. तिनं मान खाली घातली, टाका घातला, ओढला, पुन्हा घातला. फोन वाजेपर्यंत तिला वर बघायचं धाडस झालं नाही.

"पोचले, भाभी," पूर्णिमा म्हणाली. "दादा सोबत आहे. बॅग त्यांनाच देऊन टाका. मला नको."

नूरबानूनं दोरा कापला, बॅग पुसली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. बाईंनीच द्यायला सांगितलीय."

"कुठनं बोलली ती?"

"ते त्यांनाच विचारा."

त्यानं बॅग काखेत मारली आणि लोकांना धक्के देत तो निघून गेला. तेव्हा कुठे नूरबानू मागे टेकून बसली. सुखदेवनं पाणी आणून दिलं.

तो परत येईल या धास्तीनं पुढे कितीतरी दिवस कादर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. विक्रम आला नाही. उन्हाळ्यात पूर्णिमा भावाला घेऊन आली. घटस्फोटासाठी कोर्टात अर्ज केला होता, कात्रजलाच नोकरीही धरली होती. चहा घेताना ती हसली, तेव्हा नूरबानूला पहिल्यांदा दिसलं, हिच्या गालाला खळी पडते.