आधी ताईंच्या मशीनवर

हे मी आजपर्यंत कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, सख्ख्या भावापुढं नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही — म्हणून तर जीभ जरा सैल होतीय. पण आधीच सांगतो, मला भीती वाटते. लिहितानासुद्धा सारखी दुकानाच्या दाराकडं नजर जाते — कुणी आलं तर नाय?

उस्मानपुऱ्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. पूर्वी मी क्लास घ्यायचो, म्हणून लोक अजून सरच म्हणतात. मशीन हळू झालंय, पीडीएफ जोडायच्यात, उडालेली फाइल परत पायजे — असल्या बारीकसारीक कामांसाठी छोटी छोटी फुकट सॉफ्टवेअर मिळतात ना, त्यातलं कोणतं घ्यावं हे विचारायला लोक माझ्याकडं येतात. "सर, हे टाकू का?" आणि मी म्हणायचो, "टाका बिनधास्त, मी तपासलंय." एवढं म्हटलं की लोक डोळे झाकून बटण दाबायचे.

आणि मी तपासायचो काय? खरं सांगू? नुसतं तोंड बघायचो. आयकॉन नीटनेटकं आहे, इंग्रजीत चुका नाहीत, अँटीव्हायरसनं बोंब मारली नाही — झालं पास. बनवलं कुणी, आत काय करतंय, काय पुसतंय, हे कोण बघत बसतो? आणि फारच शंका आली तर आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवं सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर टाकायचं नाही. रिपेअरीला आलेलं कुणाचं तरी मशीन टेबलावर असतंच, त्याच्यावर टाकून बघायचं. काही बिघडलंच तर — बिघडलेलंच तर आलं होतं! यावर आम्ही दुकानदार चहा पिता पिता हसायचो. मीही हसायचो.

इथपर्यंतचं सांगायला सोपं होतं.

सुनंदाताई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे मालक, उत्तमराव, वीज खात्यात होते, पण त्यांना ओळखायचे ते गाण्यामुळं. जयंतीच्या दिवसांत त्यांनी भीमगीत सुरू केलं की रस्त्यानं जाणारा गाडी बाजूला लावून ऐकायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, माइक घेतला — मीच जोडून दिला — आणि घरातच गाणी रेकॉर्ड करत बसायचे. एकच गाणं पुन्हा पुन्हा. मनासारखं झालं नाही की परत पहिल्यापासून. फाइलला नाव तेच द्यायचे, फोल्डर तेवढा नवा. मग एक दिवस छातीत कळ आली आणि गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी ताई रिक्षात कॉम्प्युटर घालून दुकानात आल्या. "लई हळू चालतंय सर. ह्यांचं गाणं लावलं की मधीच अडकतं. जरा जागा करून द्या. पण गाणी तेवढी सांभाळा हां, दुसरीकडं कुठंच नाहीत." मी म्हणालो, "ताई, काळजीच सोडा." आधी त्या गाण्यांची कॉपी काढून ठेवायला किती वेळ लागला असता? एक चहा पिऊन होईपर्यंत झाली असती. नाही काढली.

त्याच आठवड्यात गुलमंडीतल्या एका साडीवाल्याचं मशीन माझ्याकडं होतं. त्याच्याकडं एकेका साडीचे दहा-दहा फोटो साठलेले. दुबार फाइली शोधून, एक ठेवून बाकीच्या काढून टाकणारं एक छोटं सॉफ्टवेअर मला सापडलं होतं. नवंच होतं. कुणी बनवलं, पत्ता नाही. आयकॉन मात्र झकास. आता हे आधी कुठं टाकून बघायचं? टेबलावर दोन मशीनं. एक साडीवाल्याचं, एक ताईंचं.

मी ताईंचं निवडलं.

निवडलं म्हणतोय, हे ध्यानात घ्या. चुकून झालं नाही ते. माझ्या मनात हिशोब झाला होता — साडीवाल्याचं काही गेलं तर तो भर बाजारात माझी इज्जत काढेल. ताई काय करतील? रडतील. आणि आणखी एक. आमच्या घरात ती गाणी कधी लागली नाहीत. माझ्या आईबापांनी जयंतीच्या मंडपाकडं कधी पाय वळवला नाही, मीही रस्त्यावरूनच ऐकलं. साड्यांच्या फोटोंची किंमत मला कळत होती. त्या गाण्यांची मला वाटलीच नाही. तोंडावर मी त्यांना ताई म्हणत होतो, आणि मनात हे होतं.

बटण दाबलं. पट्टी सरकत गेली. एक ठेवणार होतं ना? एकही ठेवलं नाही. नावं सारखी दिसली आणि त्यानं सगळी गाणी साफ केली. रिसायकल बिनमध्येही काही नाही. भर दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

मग? मग दुसरं छोटं सॉफ्टवेअर. उडालेल्या फाइली परत आणणारं. त्यानं यादी दाखवली — गाणी होती हो! एकूण एक. फुकटात मात्र एकच फाइल परत देत होतं, पुढचं विकत. मी ती एक माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. वाजली. आता नीट पैसे भरून बाकीची आणायची, एवढंच काम उरलं होतं. पण सवय कुठं जाते? त्याची फुकटची चावी — म्हणजे पैसे न भरता ते उघडायचा नंबर — बनवून देणारं तिसरं सॉफ्टवेअर मी कुठून तरी आणलं आणि ताईंच्याच मशीनवर चालवलं. ते असलं निघालं की मशीनच गोठलं. कसंबसं परत चालू केलं, तर यादीतली अर्धी नावं लाल, म्हणजे कायमची गेलेली.

अर्धी लाल. अर्धी अजून चांगली होती.

पुण्यात असल्या बिघडलेल्या हार्ड डिस्कवरून फाइली काढून देणारे लोक आहेत. मला ठाऊक होतं. त्यांच्याकडं पाठवली असती तर उरलेली गाणी आली असती. पण त्यांना सगळं दिसलं असतं — कोणकोणतं फालतू सॉफ्टवेअर चालवलं, कोणत्या दिवशी चालवलं. ते ताईंना सांगतील. मग गल्लीत कळेल. 'सर तपासून देतात' म्हणणारे काय म्हणतील? मी एवढा घाबरलो — एवढा, की मी चौथं सॉफ्टवेअर काढलं. डिस्क कायमची कोरी करणारं. ते एकच असं होतं, जे मी खरोखर स्वतःच्या मशीनवर तपासलेलं होतं. ते चोख चाललं.

ताईंना सांगितलं, डिस्क जळाली. जुनी होती, इलाज नाही. त्या खाली बसल्या. मग मलाच म्हणाल्या, "तुमचा काय दोष सर? यंत्रच ते." डिस्क मात्र त्यांनी मागून घेतली आणि उत्तमरावांच्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. पुढं कधी तरी कुणाला तरी जमेल म्हणून. वर्षं झाली त्याला. अजूनही त्या लोकांना माझ्याकडं पाठवतात — आमच्या सरांना विचारा म्हणतात. त्यांनी पाठवलेला माणूस दारात आला की मी त्याच्याकडं न बघताच त्याचं मशीन उघडायला घेतो.

आता त्यांची मुलगी पुण्यात नोकरीला लागली आहे, कॉम्प्युटरच्याच. परवा ती डिस्क घेऊन गेली. काल तिचा फोन आला. "काका, इथले लोक विचारतायत, शेवटी तिच्यावर कोणकोणती सॉफ्टवेअर चालवली होती? आठवतंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाय गं पोरी. लई दिवस झाले."

मला चारही आठवतात. नावानिशी, क्रमानं. ती डिस्क जळालेली नाही, धडधाकट आहे, हे त्यांना आज-उद्या कळेल. ती मुद्दाम कोरी केलीय, हेही कळेल. फोन वाजला की मी आधी नंबर बघतो आणि मग श्वास सोडतो. रात्री जेवण जात नाही. आणि तरीही — ही भीती माझ्या स्वतःसाठी आहे, ताईंसाठी नाही. तेही सांगून टाकतो.

आणि ते एक गाणं. फुकटात परत मिळालेलं. ते दिलं असतं तर ताईंनी विचारलं असतं — हे आलं, मग बाकीची का नाही आली? म्हणून नाही दिलं. गल्ल्याच्या खणात पेन ड्राइव्ह आहे. गाणं रंगात येतं आणि मागं कुकरची शिट्टी होते. उत्तमराव थांबतात. "सुनंदा, गॅस बारीक कर गं," म्हणतात, हसतात, घसा खाकरतात, आणि परत पहिल्यापासून गायला लागतात.

ताईंच्या घरात हा आवाज आता कुठंच नाही. माझ्या दुकानात आहे.