विशाखाचं इंजेक्शन

राणीसावरगावच्या पलीकडं बौद्ध वस्तीत सरजाबाई राहायची. नवरा वारल्यावर मोलमजुरी करून तिनं एकुलत्या विशाखाला सातवीपर्यंत नेलं. पोरगी लय धीट. पण एका हिवाळ्यात तिचे गुडघे सुजले आणि शाळेपर्यंत चालतानाही धाप लागू लागली.

परभणीच्या डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ तपासली. "काळजाची झडप खराब झालीय, बाई. दर महिन्याला हे इंजेक्शन चुकवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात घ्या."

जवळच्या दवाखान्यात कधी औषध नसायचं. एकदा होतं, पण नर्सबाईनं बाटली उचलून परत ठेवली.

"डॉक्टर नसताना मी नाही देणार. उलटलं तर पोरगी माझ्या हातात जाईल."

"मग डॉक्टर कवा येनार?"

"बदली झाली त्यांची. नवीन आले नाहीत अजून."

हीच नर्सबाई वस्तीवर तान्ह्या लेकरांना लस टोचायला यायची. सरजाबाई दारात बसलेल्या विशाखाकडं बोट दाखवायची. "हिचं काय?"

"माझ्याकडं बारक्यांचं काम," ती खाली बघत म्हणायची. "हिला शाळेतल्या तपासणीला दाखवा."

शाळा तर धापेनंच सुटली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विशाखाचे पाय सुजले. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायची. त्यातच मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली. वस्त्या जळायल्यात म्हणून सांगावे येऊ लागले, एसटी बंद पडली. सरजाबाईचा भाऊ आश्रुबा गावात बैलगाडी मागायला गेला. ज्या घरच्या शेतात सरजाबाई जन्मभर राबली, त्या घरानंही दार उघडलं नाही.

शेवटी आश्रुबासकट चौघांनी विशाखाला बाजेवर घातलं, बाज खांद्यावर घेतली आणि गंगाखेडच्या दवाखान्याची वाट धरली.

"आई, मामाचे खांदे दुखत असतील," विशाखा म्हणाली. "जरा खाली ठेवा मला."

बाज टेकवली. पाणी पाजायला सरजाबाईनं तिची मान उचलली, तर ती हातातच कलंडली.

"आक्का, माघारी फिरू," आश्रुबा रडत म्हणाला.

"न्हाई. डॉक्टरला दाखवायचंय. चला."

कुणीच हललं नाही, तशी तिनं एकटीनंच बाजेचा खूर उचलायला घेतला.

त्यानंतरही सरजाबाई पुष्कळ जगली. अंगात ताप असला तरी कामावर जायची. कुणी दवाखान्यात चल म्हटलं, की खुरपं उचलायची.