घाटेबाईंनी शिवलेला बंपर

घाटेबाई कुणालाही भेटल्या की आधी त्याची शिवण बघत. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटल्या तेव्हा नमस्कार राहिला बाजूला, माझ्या कुर्त्याची बाही उलटी करून म्हणाल्या, "कुणी शिवलाय हा? परत जाऊ नका त्याच्याकडे." मी अशी चिडले म्हणता! आणि पुढच्याच आठवड्यात तो कुर्ता घेऊन मुकाट्यानं त्यांच्या दारात उभी राहिले. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिवण शिकवलेली ही बाई, तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यांच्याकडे एक घरगाडी होती. जुनी छोटी व्हॅन, आत पलंग, शेगडी, बेसिन आणि अर्थातच बाईंच्या हातचे झालरीचे पडदे. ती चालवायचे त्यांचे यजमान. ते गेल्यावर सत्तरीला टेकलेल्या बाई गाडी शिकल्या आणि एकटीनं कोकणात जायचं जाहीर करून मोकळ्या झाल्या. खराडीला आयटीत असलेला त्यांचा मुलगा मंदार हादरलाच. शेवटी मायलेकांत ठरलं, गाडीला पंधरा वर्षं होताहेत, आरटीओत रिपासिंग झालं तर आई जाणार, नाही झालं तर गाडी विकायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात बाईंनी गाडी मागे घेताना सोसायटीच्या भिंतीवर नेऊन आदळली. मागचा बंपर गळून पडला, आणि आम्ही वर चहा पिऊन खाली येईतो भंगारवाल्यानं उचललासुद्धा. त्या मॉडेलचा दुसरा बंपर अख्ख्या पुण्यात मिळेना.

"मिळत नाही म्हणजे काय? शिवून घेऊ," बाई म्हणाल्या. मला वाटलं, गेलं हिचं डोकं.

त्यांनी गाडीमागे बसकण मारली, टेपनं मापं घेतली, वर्तमानपत्रं चिकटवून बंपरचं पेपर कटिंग केलं. बघणाऱ्यांनी सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. मग ती गुंडाळी घेऊन आम्ही मार्केट यार्डामागे दत्तोबांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दत्तोबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"बाई, ह्यो बंपर हाय, पोलकं न्हाय."

"पोलकं अवघड असतं. हे जमेल तुम्हाला."

दत्तोबांनी निमूटपणे त्या कागदाबरहुकूम पत्रा कापला, वाकवला, जोडला. पासिंगच्या आदल्या दुपारी बंपर गाडीला लावून बघितला, तर दोन्ही बाजूंना एकेक इंच बाहेर! पस्तीस वर्षांच्या सवयीनं बाईंनी शिलाईसाठी कडेला इंचभर कागद जास्तीचा सोडला होता. लोखंडाला! दत्तोबा टोपी तोंडावर धरून हसले, मी तर स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. बाईंनी आम्हा दोघांवर जळजळीत नजर टाकली, आणि मग त्यांनाही जे हसू फुटलं ते आवरेना. बऱ्याच वेळानं पदर खोचून म्हणाल्या, "उसवा, दत्तोबा. उसवायची लाज धरून चालत नाही." त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीनं हे वाक्य ऐकलं असणार. दत्तोबांनी दोन्ही टोकं कापली. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि लगेच फर्मावलं, की हे ओरखडतंय, आत मुडपून घ्या. दत्तोबा पुटपुटत पुटपुटत मुडपायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाई मला ओढतच आरटीओत घेऊन गेल्या. साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, वाकून बंपर दोन्ही हातांनी हलवला. तसूभरही हलला नाही. कुठून घेतला, असं त्यांनी विचारलं.

"शिवलाय," बाई म्हणाल्या.

साहेब चक्रावले, पण गाडी पास झाली. मी तिथंच टाळ्या पिटल्या आणि मंदारला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही जाल का हो तिच्याबरोबर?" आणि मी, कधी नाशिकच्या पुढे न गेलेली बाई, चक्क हो म्हणून बसले.

घाटेबाई मात्र गाडीत किल्ली धरून नुसत्याच बसलेल्या.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "नापास झाली असती तर बरं झालं असतं. मंदारच्या नावानं बोटं मोडत घरी बसता आलं असतं. आता जावंच लागणार."

इतकी वर्षं मी त्या बाईला घाबरत आले होते, आणि आज तीच घाबरली होती. मी शेजारी बसून सीटबेल्ट लावला.

"मग घाबरत जाऊ," मी म्हटलं. "दोघी आहोत."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि किल्ली फिरवली.