कंडम गाडी

परवा शेजारी फाटकाला लाल रंग देत होते. त्या ऑइलपेंटच्या वासानं मी थेट सोलापूरच्या आमच्या कचेरीच्या आवारात, सत्तरच्या दशकातल्या दुष्काळातल्या एका दुपारी जाऊन पोहोचलो.

मी नवा कारकून. त्या सकाळी पाण्याच्या जुन्या टँकरवर मी ब्रशनं ‘कंडम’ असं लिहिलं होतं. सेवेतून काढलेल्या गाडीला कागदोपत्री ‘निर्लेखित’ म्हणत, पण तो शब्द साहेबांखेरीज कुणाला कळत नसे. शेजारी नवा टँकर काठोकाठ भरून, हार घालून उभा होता. फीत कापणारे पाहुणे दोन वाजले तरी आले नव्हते, आणि त्याआधी टँकर हलवायचा नाही असा हुकूम होता. तिकडे मंगळवेढ्याच्या वाटेवरच्या वस्तीत दोन दिवस पाणी नव्हतं.

ड्रायव्हर दगडूमामांनी नव्या टँकरमधलं पाणी घ्यायला गुपचूप जुन्या टँकरला पाइप लावला.

“मामा, गाडी कंडम झालीय!”

“कागदावर की, भाऊसाहेब. तिला अजून कुणी सांगितलं न्हाय. बसताय का?”

नोकरी जाईल या धास्तीसकट मी चढून बसलो. इंजिन वाटभर खोकत होतं, केबिन तव्यासारखी तापली होती आणि मला हसू आवरत नव्हतं. वस्तीवर मामांनी कोरड्या विहिरीत पाणी सोडलं. तळाच्या खडकावर ते असं गर्जत आदळलं की काठावरच्या बायका ओरडल्या, “आलं गं, आलं!” मी वेड्यासारख्या टाळ्या पिटत होतो.

पुढं नोकरीत शेकडो उद्घाटनांना टाळ्या वाजवल्या. हुकमाशिवाय वाजवलेल्या त्या विहिरीवरच्या तेवढ्याच.