आधी गाव, मग पाणी

लॅबमधला कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला, तरी आमचे सर त्याच्यावर कधी चिडले नाहीत. पडद्यावर बोटानं टकटक करून म्हणायचे, "काय पावणं, झोप झाली का?" म्हणून आम्ही त्यांचं नाव पावणं सर ठेवलं. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असे. माझ्या आईनं तो ताईत समजून "कुठल्या बाबांकडचा?" असं विचारलं होतं. सरांनीही गंभीरपणे "गुण येतोय की, मावशी," असं सांगून टाकलं.

आम्ही बीबीएची पोरं. कुणाच्या घरी चपलांचं दुकान, कुणाचा ऊस. मी गडमुडशिंगीहून येणारी, आमच्या घरी चार म्हशी. धंदा शिकायला आलो, तर वेळापत्रकात 'माहिती आणि इंटरनेट तंत्रज्ञानाची मूलतत्त्वे' असा भारदस्त विषय निघाला. दिवसभर मोबाइल आमच्या हातात, पण ई-मेल लिहिता येईल तर शपथ. मी पहिला ई-मेल अख्खाच्या अख्खा विषयाच्या ओळीत लिहिला. सर म्हणाले, "पाकिटावरच पत्र लिव्हलंस की गं! आता पोस्टमन दारात उभा राहून वाचंल."

सरांच्या तासाला इंटरनेट म्हणजे एक गाव होतं. "तुम्ही पावणं हाय. गावात आलाय, पाटलाचं घर ठावं न्हाय. मग काय करताय? पारावरच्या म्हाताऱ्याला इचारताय. त्यो म्हातारा म्हंजे डीएनएस. नाव सांगा, घर दावतोय." ज्या घरात पावण्याला पान वाढतात, ते घर म्हणजे सर्व्हर. पडद्यावर चारशेचार हा आकडा दिसला की समजायचं, घर आहे, पण तुम्ही विचारताय तो माणूस तिथं राहत नाही.

पासवर्डच्या तासाला तर त्यांनी कहर केला. आम्हाला वर्गात बसवून ते पार्किंगमध्ये गेले, पाच मिनिटांनी परत आले आणि चार पोरांचे ई-मेल धडाधड उघडून दाखवले. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. "तुमचं पासवर्ड भाईर स्टँडवर उभं हायत," सर म्हणाले. चौघांनीही आपापल्या गाडीचा नंबर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकानं हुशारी केली आणि बापाच्या गाडीचा नंबर ठेवला.

पण त्यांचा आवडता धडा एकच. "लिंक म्हंजे दारात आलेला पावणा. आपल्यात आधी पाणी देत्यात, मग गाव इचारत्यात. हितं उलटं. आधी गाव इचारायचं, मगच पाणी." हे वाक्य त्यांनी दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं, की ते "आधी" म्हणायचा अवकाश, सगळा वर्ग "गाव!" असा ओरडायचा.

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही हे दरवर्षी नव्यानं. आमच्या दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, की बाहेरून येणारे परीक्षक तोंडी परीक्षेनंतर काय शेरा लिहितात, त्यावर ठरेल. हे आमच्या कानावर आलं आणि कधी नव्हे तो वर्ग अभ्यासाला लागला. सरांसाठी पुस्तक पाठ करायचं, असं आम्ही ठरवलं. पण डोक्यात सरांचं गाव इतकं पक्कं बसलेलं, की पुस्तकाला आत जागाच मिळेना.

परीक्षक पुण्याचे, इस्त्रीचे. पहिला नंबर माझा. त्यांनी विचारलं, "डीएनएस म्हणजे काय?" सर खिडकीपाशी उभे, बोलायची परवानगी नाही. माझ्या तोंडातून निघालं, "पारावरचा म्हातारा, सर."

"काय?"

"इस्कटून सांगतो की, सर," मी म्हणाले, आणि अख्खं गाव फिरवून आणलं.

मुलगी असून 'सांगतो' म्हणते, याचंच त्यांना आधी नवल वाटलं; आमच्याकडे पोरीही असंच बोलतात. मग ते हसू दाबत ऐकत राहिले. माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकानं त्यांना त्याच म्हाताऱ्याकडे नेलं. शेवटी त्यांनी सगळ्यांना पास केलं आणि शेरा लिहिला: 'विद्यार्थ्यांना संकल्पना उत्तम समजल्या आहेत. पारिभाषिक शब्द मात्र येत नाहीत.' प्राचार्यांनी नेमकं त्यातलं दुसरं वाक्य तेवढं वाचलं. सरांना पुढच्या वर्षी बोलावणं नव्हतं.

मला माझाच राग आला. एक शब्द इंग्रजीत सांगितला असता तर काय बिघडलं असतं? सरांकडे जाऊन तसं म्हटलंही. ते म्हणाले, "येडी का काय? माझी पोरं पास झाली न्हवं? तासिकेवरचा माणूस म्हंजे पावणाच की. पावण्यानं उंबऱ्याला चिकटून बसू न्हाय."

निरोपाच्या दिवशी आम्ही सरांसाठी शर्टाचं कापड आणलं, सोबत सगळ्यांच्या सह्यांचं पत्र. पाकिटावर सरांचं नाव आणि पत्ता लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाव लिहिलं आणि पेन थांबलं. वर्गात विचारलं, सर कुठले? कुणी म्हणालं कागलचे, कुणी म्हणालं इथलेच असतील. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं "गाव!" म्हणून ओरडणाऱ्या वर्गानं सरांना एकदाही गाव विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

पाकीट घेऊन मी तशीच त्यांच्यासमोर गेले. "सर, तुमचं गाव कुठलं?"

नेहमी तोंडावर उत्तर तयार असणाऱ्या सरांनी गळ्यातला पेनड्राइव्ह उगाच चाचपला. मग माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहिला. पेठ वडगावच्या पलीकडचं एक लहानसं खेडं.

"रोज तिथनं येत होता, सर?"

"व्हय की." आतलं पत्र काढून घेऊन पाकीट माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, "हे तूच ठेव. कवा आलीस तर पारावर कुणालाबी इचार, घर दावतील. आणि एक ध्यानात ठेव, आमच्यात आधी पाणी देत्यात."