आटलेला एप्रन

लॉन्ड्रीवाल्याच्या कपाळावर सत्तूर बसला तो धारेने नव्हे, पात्याच्या सपाट बाजूने. एवढी सभ्यता काकूंनी पाळली. तरी भुवई फुटलीच. धुतलेल्या एप्रनांवर रक्त ठिबकलं, आणि रक्ताला कधी न दचकणारा मटणबाजार दचकला.

गुन्हा काय, तर म्हणे त्याने एप्रन आटवला.

बावन्न वर्षांच्या काकू वडिलांच्या मागे तीस वर्षं मटण तोडायच्या त्यांच्याच लाकडी ओंडक्यापाशी उभ्या होत्या. एकदा एका गिऱ्हाइकाने नको तिथे हात लावला, तर काकूंनी तो हात ओंडक्यावर दाबून दोन बोटांच्या फटीत सत्तूर रोवला. तो गृहस्थ तेव्हापासून शाकाहारी आहे. पण पाळी थांबल्यापासून, गेली दोन वर्षं, काकूंचं सगळंच बिनसलं होतं. अंगात कुणी भट्टी पेटवून दार लावून घेतल्यासारखं व्हायचं. गुडघे ठणकायचे, बोटावरचा बारीक काप पंधरा-पंधरा दिवस लालभडक राहायचा. आणि कमरेला दोन वेढे घेणारी एप्रनची नाडी आता एकालाही पुरेना. पाय तर पूर्वीइतकेच काटकुळे. म्हणजे आपण जाड झालो नाही, चोर लॉन्ड्रीवालाच.

बाजाराच्या प्रमुखाने आठ दिवस दिले. लॉन्ड्रीवाल्याची लेखी माफी आणि सत्तूर धरायला लायक असल्याचा डॉक्टरचा दाखला, दोन्ही आणा. नाहीतर ओंडका दुसऱ्याला. घरी जाऊन काकूंनी एका ठोशात कपाटाचा आरसा फोडला.

दुकानात हाताशी असणारी धाकटी बहीण दवाखान्यातही सोबत होती. वय बेचाळीस, पाळी चालू, वजन काकूंइतकंच, जेवण एकाच पातेल्यातलं. डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही तपासलं. बहिणीचं सगळं ठीक निघालं. काकूंचा रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, कंबर, सगळं वर. काकूंनी कंबर मोजायचा टेप हिसकावून विचारलं, "हा कुणाकडे धुवायला देता?"

बाईंनी न चिडता समजावलं की पाळी असेपर्यंत चरबी बहुतेक मांड्यांवर, कुल्ल्यांवर बसते. ती थांबली की पोटात शिरते, यकृताला, आतड्यांना बिलगते. आणि तिथे गप्प बसत नाही, धुमसते. त्या धगीने सगळ्या अंगात बारीक दाह सुरू होतो, मग साखर, रक्तदाब एकेक बिघडत जातं. गोळ्या घ्या, रोज चाला. दाखला दिला, पण तीनच महिन्यांचा.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दात ओठ खाऊन एक म्हातारी मेंढी फाडली. वरून हडकुळी, आत आतड्यांभोवती पिवळट चरबीचं गोधडं. अशा हजारो फाडल्या होत्या. आज मात्र त्या तिथेच थबकल्या. बहिणीने दोघींचे एप्रन आणून ओंडक्यावर एकावर एक पसरले. काठाला काठ, नाडीला नाडी.

"ताई, दोन्ही एकाच पाण्यात धुतलेत. माझ्या कमरेला अजून दोन वेढे बसतात."

काकूंनी सत्तूर असा हाणला की तो लाकडात रुतून बसला. उपसायला दोघी लागल्या.

लॉन्ड्री टेकडीवर, अर्ध्या तासाच्या चढावर. भुवईला पाच टाके घेऊन तो इस्त्री फिरवत होता. काकूंनी माफी मागितली. दात उपटावा तशी ती निघाली. माफ केल्याच्या कागदावर त्याने सही केली, तो प्रमुखाला दाखवायचंही कबूल केलं, पण काकूंच्या हातात ठेवला नाही.

"बावीस वर्षं मी तुमचे कपडे न्यायला-आणायला चालत आलो, काकू. आता एप्रन रोज तुम्ही आणायचा. पायी. रिक्षात दिसलात की हा कागद इस्त्रीखाली."

काकूंचा हात सत्तूर चाचपायला कमरेपाशी गेला. तिथे नुसती कंबर होती.

तीन महिने त्या शिव्या देत तो चढ चढल्या. साखर उतरली, रक्तदाब मात्र थोडा अडून बसला. डॉक्टरीणबाईंनी दाखला वाढवला, ओंडका काकूंचाच राहिला. त्या दिवशी नाडीचा एक वेढा पुरा होऊन वर गाठ बसली.

लॉन्ड्रीवाल्याने ती गाठ पाहिली. इस्त्री बाजूला ठेवली, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला,

"आधीच सांगतो, काकू, मी सैल केलेला नाही."